गुणाकाराचं चिन्ह असलेला पत्ता

एका टपालाच्या पाकिटाचं छायाचित्र इंटरनेटवर बरीच वर्षं फिरतं आहे. पाकीट फ्रान्समधून रशियात गेलेलं. पत्ता हाताने, सावकाश लिहिलेला, पण जगातल्या कुठल्याच भाषेतला नाही. पहिला शब्द असा: डोक्यावर रेघ असलेला छोटा ओ, मग दोन टिंबांचा मोठा आय, मग तिरप्या रेघेचे दोन मोठे ओ एकाला एक लागून, मग तसाच ई, आणि शेवटी डोक्यावर लाट घेतलेला एन. पाठवणाऱ्याला पत्ता ईमेलने आला होता. त्याच्या मेल प्रोग्रॅमला रशियन अक्षरं ठाऊक नव्हती, म्हणून त्याने ती पश्चिम युरोपातल्या अक्षरांत दाखवली. या माणसाला वाटलं, रशियन असंच दिसत असेल. त्याने समोर दिसलं ते टिंबाटिंबासकट उतरवून काढलं. पाकीट रशियात पोहोचलं तेव्हा टपाल खात्यातल्या कुणीतरी ते ओळखलं, आणि त्या चिन्हांबरोबर खरी रशियन अक्षरं लिहिली. पहिला शब्द होता ‘रसिया’, म्हणजे रशिया.

हे चित्र बहुतेक जण हसून पुढे पाठवतात. मला मात्र त्यातला उतरवून काढणारा हात विसरता येत नाही.

त्याने एकही टिंब गाळलं नाही, म्हणूनच तो पत्ता वाचला. ‘हे वरचे फराटे कशाला’ असं म्हणून त्याने साधी रोमन अक्षरं लिहिली असती, तर टिंबांचा ई आणि तिरप्या रेघेचा ई हे दोन्ही नुसते ई झाले असते. आणि त्या पाकिटावर त्यातला एक रशियन ‘इ’ होता, दुसरा ‘क’. मग कुठला कोण हे कुणालाच सांगता आलं नसतं. बिघडलेल्या सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतल्या, मेलची दुरुस्ती ज्यांनी मनापासून केली आहे, त्यांच्या कामाचा गाभा नेमका हा आहे. समोरचं कडबोळं म्हणजे कचरा नसतो. ते पत्र शाबूत असतं, फक्त चुकीच्या कोष्टकातून, म्हणजे कुठला आकडा कुठलं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यातून, वाचलेलं असतं. खरं नुकसान होतं ते पुढे, कुणीतरी मदत करायला म्हणून ‘साफ’ करतं तेव्हा.

मुळात मेलमध्ये अक्षरं जातच नाहीत, आकडे जातात. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढे आकडे मावतात. १२७ पर्यंतचे रोमन लिपी, अंक आणि विरामचिन्हांनी आधीच धरलेले. वरच्या १२८ जागांत रशियनची ३३ अक्षरं, छोटी आणि मोठी धरून ६६, सहज बसतात. अडचण अशी झाली की ती प्रत्येकाने आपापल्या जागी बसवली. सोव्हिएत मानकातून आलेला कोई-८ युनिक्सच्या जगात रुळला, डॉसवर ८६६ होता, मायक्रोसॉफ्टने विंडोज-१२५१ आणला, ॲपलचा स्वतःचा वेगळा, आणि आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा ८८५९-५, जो कागदावर अधिकृत असूनही रशियात फारसा कुणी वापरला नाही. एक भाषा, पाच कोष्टकं. १९९० मध्ये मॉस्कोच्या कुर्चातोव संस्थेभोवती रेलकॉम नावाचं जाळं उभं राहिलं आणि सोव्हिएत संघातून मेल बाहेर जाऊ लागला, तेव्हा त्या पत्रांत कोई-८ होता. पुढे घराघरांत विंडोज आलं, आणि दोन कोष्टकांमधली ही भिंत प्रत्येक पत्राला ओलांडावी लागू लागली. या कडबोळ्याला रशियन लोक ‘क्राकोझ्याब्री’ म्हणतात. बल्गेरियन लोक ‘मायमुनित्सा’ म्हणतात, म्हणजे माकडांची लिपी. सर्बियात सरळ ‘कचरा’ असाच शब्द वापरतात.

कोई-८ची रचना बघितली की ज्यांनी ती केली त्यांच्याबद्दल जीव भरून येतो. तेव्हाच्या मेल यंत्रणा सात बिटांच्या होत्या. वाटेतला एखादा सर्व्हर प्रत्येक बाइटचा आठवा बिट बिनदिक्कत छाटून टाकायचा, म्हणजे आकड्यातून १२८ वजा. हे होणार हे गृहीत धरून कोई-८मध्ये जमेल तिथे प्रत्येक रशियन अक्षर त्याच्या उच्चाराच्या जवळच्या रोमन अक्षरापासून बरोबर १२८ घरं वर बसवलं. ‘प्रिव्येत’ म्हणजे नमस्कार. त्याचा आठवा बिट गेला की उरतं पी-आर-आय-डब्ल्यू-ई-टी, पहिलं अक्षर छोटं आणि बाकीची मोठी. विचित्र दिसतं, पण वाचता येतं. हाच शब्द विंडोज-१२५१मधून छाटला तर ओ-पी-एच-बी-ई-आर उरतं, ज्याचा कशाशी संबंध नाही. वाटेत आपल्यावर घाव बसेल हे धरून लिपी बसवणं, आणि घाव बसल्यावरही माणसाला माणसाचं बोलणं कळावं अशी सोय ठेवणं, हे मला फार मोठं काम वाटतं. त्याची किंमत त्यांनी मोजली. कोई-८मध्ये रशियन वर्णमालेचा क्रम मोडला, त्यामुळे नावांची यादी वर्णानुक्रमे लावायची तर वेगळं कोष्टक लागायचं. १९९३ मध्ये आंद्रेई चेर्नोव यांनी कोई-८-आर हे नाव इंटरनेटच्या दप्तरी रीतसर नोंदवलं.

आपल्याकडे मोडी वाचणारे माथ्यावरच्या ‘श्री’पासून सुरुवात करतात. ओळखीचा एक शब्द सापडला की लिहिणाऱ्याचं वळण कळतं आणि मग पुढचं उलगडत जातं. इथेही तसंच. पाकिटावरच्या पहिल्या शब्दात एकसारखी दोन चिन्हं शेजारी होती, आणि ‘रसिया’ रशियनमध्ये लिहिताना मधला ‘स’ दोनदा येतो. शिवाय शब्दाचं पहिलं चिन्ह छोटं, बाकीची मोठी. ही कोई-८ची सही आहे, कारण त्यात छोटी अक्षरं खालच्या घरांत आणि मोठी वरच्या घरांत आहेत, बाकीच्यांच्या अगदी उलट.

सरावलेला डोळा कोष्टक न उघडता कूळ सांगतो. सगळी अक्षरं रोमन आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी आहे: छोटी जास्त असतील तर विंडोज-१२५१ हा लॅटिन-१ म्हणून, म्हणजे पश्चिम युरोपातलं कोष्टक लावून, वाचलाय, मोठी जास्त असतील तर कोई-८. अक्षरं रशियनच आहेत पण उच्चारता येत नाहीत, आणि छोट्यामोठ्यांची अदलाबदल झालीय: मग कोई-८ आणि विंडोज-१२५१ यांची गल्लत. कुणी कुणाला चुकीचं वाचलं हेही कळतं. रशियनमध्ये सगळ्यात जास्त येणारं अक्षर ‘ओ’. त्याच्या जागी सगळीकडे मोठा ‘प’ दिसला तर पत्र कोई-८मध्ये आहे आणि वाचणारा विंडोज-१२५१ लावून बसलाय. मोठा ‘न’ दिसला तर उलटं. ‘ये’ हे अक्षर दोन्हीकडे तेच राहतं, फक्त छोट्याचं मोठं होतं. ‘वोप्रोस’ म्हणजे प्रश्न हा शब्द या गल्लतीत ‘ब्नोप्न्या’ होतो. रशियन इंटरनेटवर तो इतक्यांदा दिसला की ब्नोप्न्या हाच एक शब्द होऊन बसला. आणि प्रत्येक दुसरं अक्षर रशियन ‘र’ किंवा ‘स’ असेल, मजकूर जवळजवळ दुप्पट लांब दिसत असेल, तर तो यूटीएफ-८ आहे, जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचं आजचं कोष्टक. त्यात प्रत्येक रशियन अक्षराचे दोन बाइट होतात, पहिला नेहमी २०८ किंवा २०९, आणि विंडोज-१२५१च्या कोष्टकात हे आकडे म्हणजे ‘र’ आणि ‘स’.

आता प्रश्नचिन्हं. रांगेने प्रश्नचिन्हं आली असतील तर वाटेतल्या कुणीतरी त्या अक्षराला माझ्याकडे जागा नाही म्हणून ते फेकून दिलं आहे. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही, पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवायला लागतं. रिकामे चौकोन दिसले तर मात्र निश्चिंत राहावं, पत्र ठीक आहे, फक्त फॉन्ट नाही. आणि काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह म्हणजे प्रोग्रॅमला ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचता आले नाहीत. मूळ मेल अजून सर्व्हरवर असेल तर आशा आहे, ते चिन्हच कुणी साठवून ठेवलं असेल तर नाही.

म्हणून सगळ्यात आधी हात आवरायचा.

असा मेल फॉरवर्ड करू नये, वर्डमध्ये चिकटवू नये, त्यालाच उत्तर लिहून खाली तो उद्धृत करू नये. या प्रत्येक कृतीत प्रोग्रॅम चुकीच्या वाचनावर आणखी एक भाषांतर चढवतो. आधी मूळ बघायचं. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ आहे आणि तिथेच मूळ फाइल उतरवून घेता येते. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू. तिथे कंटेंट-टाइप नावाची ओळ शोधायची, तिच्यात कॅरसेट म्हणून कोष्टकाचं नाव लिहिलेलं असतं. त्याच्या आसपास ट्रान्सफर-एन्कोडिंगची ओळ, ती सांगते की बाइट वाटेत कशा कपड्यात गेले: बेस-६४ असेल तर दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हं झालेली असतात, कोटेड-प्रिंटेबल असेल तर १२७च्या वरचा प्रत्येक बाइट बरोबरच्या चिन्हापुढे दोन चिन्हांत लिहिलेला असतो. १९९२ मध्ये मेलसाठी माइम हे मानक आलं ते या चिठ्ठीसाठीही. त्याआधी मेलवर कोष्टकाचं नाव लिहायला जागाच नव्हती.

कॅरसेट लिहिलेलाच नसेल तर काम सोपं. क्लासिक आउटलुकच्या मेल खिडकीत ॲक्शन्समध्ये एन्कोडिंगची यादी असते, तिथून सिरिलिक कोई-८-आर, नाही जमलं तर सिरिलिक विंडोज, असं एकेक लावून बघायचं. थंडरबर्डच्या नव्या आवृत्त्यांत यादी काढून ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ हा एकच पर्याय ठेवलाय, तो स्वतः अंदाज बांधतो. मजकूर दोन-चार शब्दांचाच असेल तर हा अंदाज चुकतो, कारण तो अक्षरांच्या वारंवारतेवर चालतो. तेव्हा मूळ फाइल उतरवून कॅरसेटची ओळ साध्या एडिटरमध्ये हाताने बदलावी आणि ती फाइल पुन्हा उघडावी. कॅरसेट लिहिलाय पण खोटा लिहिलाय, हे जास्त भेटतं. मेलवर लॅटिन-१ लिहिलेलं असतं आणि आत विंडोज-१२५१ असतो, कारण ज्या स्क्रिप्टने मेल पाठवला तिच्यात ती ओळ कुणीतरी एकदा लिहून ठेवली आणि परत बघितली नाही. पाठवणाऱ्याला आपलं पत्र नीट दिसतं, कारण त्याचा संगणक आतून रशियनच धरून चालतो. बिघाड फक्त दुसऱ्या टोकाला दिसतो.

वर नीट आणि खाली कडबोळं असा मेलही येतो. तिथे बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरने शेवटी आपली कायदेशीर सूचना चिकटवलेली असते, मेलचं कोष्टक न बघता, आपल्या कोष्टकात. आणि नीट रशियन मजकुरात फक्त मधेमधे प्रश्नचिन्हं असतील तर ती नेमकी कुठे आहेत ते बघावं. अवतरणचिन्हं, लांब रेघ आणि क्रमांकाचं चिन्ह यांच्या जागी असतील, तर कुणीतरी तो मजकूर कोई-८-आरमध्ये बदलला आहे. विंडोज-१२५१मध्ये ही चिन्हं आहेत, कोई-८-आरमध्ये नाहीत. युक्रेनियनची चार अक्षरंही त्यात नाहीत. चौकटी आखायच्या चिन्हांपैकी आठ घरं मोकळी करून त्यांच्यासाठी कोई-८-यू बनवावा लागला, आणि १९९८ मध्ये तो रीतसर नोंदवला गेला. तोवर युक्रेनियन माणसं आपल्या ‘इ’च्या जागी रोमन आय टाकून वेळ भागवत होती. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधायला गेलं की ते नाव सापडत नाही.

विषयाची ओळ हे वेगळंच प्रकरण. आतला मजकूर स्वच्छ आणि विषय मात्र बिघडलेला, हे पाहून लोक गोंधळतात. विषय हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ओळींत, राहतो, तिथे आतल्या कंटेंट-टाइपचा अंमल चालत नाही, त्याला स्वतःचं लेबल गळ्यात बांधून जावं लागतं. असा एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा. यूटीएफ-८ आणि बेस-६४चं लेबल त्यातली १२ खातं, उरलेल्यांत ४५ बाइट मावतात. रशियन अक्षर दोन बाइटांचं, म्हणजे २२ अक्षरं आणि वर एक बाइट. आळशी प्रोग्रॅम मोजून ४५वर कापतो आणि तेविसावं अक्षर मधोमध चिरतो. अर्धं या तुकड्यात, अर्धं पुढच्या. नियमात असं कापायला स्पष्ट मनाई आहे. लांब विषयाच्या मध्यावर दोन काळी चिन्हं शेजारी दिसली की समजावं, इथे सुरी फिरली. देवनागरीचं अक्षर तीन बाइटांचं, ४५मध्ये नेमकी १५ बसतात, पण शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असल्याने हिशोब बिघडतो आणि मराठी विषयही असेच चिरले जातात.

मराठी वाचणाऱ्याला हे सगळं परकं वाटायला नको. आपण शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी या फॉन्टांतून गेलो आहोत. तो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसला की निमंत्रणपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा पाचोळा पडायचा. रशियनांची पाच कोष्टकं होती, पण त्यांना नावं होती आणि ती छापलेली होती. आपल्याकडे प्रत्येक फॉन्ट हेच एक खाजगी कोष्टक होतं. आता दोघंही यूटीएफ-८मध्ये आलो, तरी मोडण्याची जागा सारखीच राहिली.

ती जागा म्हणजे १६०. यूटीएफ-८मध्ये मोठा रशियन ‘र’ होतो २०८ आणि १६०. मराठी ‘ठ’ होतो २२४, १६४ आणि १६०. चुकीच्या कोष्टकात १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. हा मजकूर एखाद्या वेबफॉर्ममधून किंवा एडिटरमधून गेला की तो तिला साधी मोकळी जागा करून टाकतो, आणि मग सगळं उलटं फिरवलं तरी ते एक अक्षर परत येत नाही. ‘रसिया’ या शब्दाचं पहिलंच अक्षर मोठा ‘र’. ‘मराठी’ या शब्दाच्या मधोमध ‘ठ’. एका देशाचं नाव आणि एका भाषेचं नाव, दोन्ही एकाच आकड्यावर फुटतात. तसाच १४१. आपल्या पाय मोडण्याच्या खुणेचा शेवटचा बाइट १४१, आणि विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोष्टकात ते घर रिकामं आहे. काटेकोर प्रोग्रॅम ते टाकून देतो आणि जोडाक्षरं सुटी होतात. डॉसच्या काळात फिडोनेट या संगणकांच्या जाळ्यावर हाच १४१ रशियन मोठ्या ‘न’चा होता, आणि फिडोच्या नियमात १४१ म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी ओळमोड. पत्रांतून मोठे ‘न’ गळून पडायचे. लोकांनी त्या जागी रोमन एच लिहायची सवय लावून घेतली, कारण दोन्ही दिसायला सारखे.

दोनदा भाषांतर झालेल्या मजकुराची उकल क्रम उलटा लावून होते. यूटीएफ-८ला विंडोज-१२५१ समजून पुन्हा यूटीएफ-८मध्ये साठवलं असेल, तर आधी त्याला विंडोज-१२५१च्या बाइटांत उतरवायचं आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका ओळीचं काम आहे, कोष्टक बदलणाऱ्या आयकॉन्व्ह या साधनानेही होतं. वाटेत दोन ठिकाणी अडतं. मोठ्या ‘इ’चा दुसरा बाइट १५२, आणि विंडोज-१२५१मध्ये १५२चं घर रिकामं. दुसरा तो १६०. म्हणून उकल करण्याआधी कडबोळ्यातच दुरुस्ती करावी: ‘र’ नंतर साधी मोकळी जागा आली असेल तर तिथे न तुटणारी परत ठेवायची, आणि ‘र’ नंतर प्रश्नचिन्ह किंवा काहीच नसेल तर ती जोडी खुणेसाठी बाजूला ठेवून उकल झाल्यावर तिथे मोठा ‘इ’ लिहायचा. या कडबोळ्यात ‘र’ कधीच एकटा नसतो, त्यामुळे शुद्ध रशियन मजकुरात हा अंदाज सहसा चुकत नाही.

पाठवणाऱ्या बाजूला करायचं थोडं आहे, पण सगळं करावं लागतं. क्लासिक आउटलुकच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत आंतरराष्ट्रीय विभाग असतो, तिथे बाहेर जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ ठरवून द्यायचा. सिरिलिक मजकुराला बेस-६४ लावावा. कोटेड-प्रिंटेबलमध्ये यूटीएफ-८चं एकेक रशियन अक्षर सहा चिन्हांचं होतं. झिप करताना आतल्या फाइलींची नावं रोमन ठेवावीत, कारण जुनं रशियन विंडोज ती नावं डॉसच्या ८६६मध्ये लिहितं आणि ते कुठे नोंदवत नाही. आणि चाचणीला ‘टेस्ट’ असं रोमन लिहून पाठवू नये, त्याने काहीच कळत नाही. चाचणीच्या ओळीत मोठा ‘र’, मोठा ‘इ’, दोन टिंबांचा ‘यो’, रशियन अवतरणचिन्हं, लांब रेघ, क्रमांकाचं चिन्ह, आणि छोटा ‘या’ हवा. विंडोज-१२५१मध्ये ‘या’ म्हणजे २५५, आणि काही जुने प्रोग्रॅम २५५ला ‘फाइल संपली’ असं समजायचे. मराठीसाठी ‘ठ’, ‘झ’, ‘ए’, ‘ऐ’, उकार नसलेला आणि असलेला शब्द, आणि एक भक्कम जोडाक्षर. अशी ओळ विषयातही टाकून दोन वेगळ्या सेवांवर पाठवावी, आणि तिथून उत्तर देऊन परत आणावी. बिघाड बहुतेक परतीच्या वाटेवर सापडतो.

‘ध’ चा ‘मा’ झाल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे कुणाच्या तरी मनात काही होतं. इथे कुणाच्याच मनात काही नसतं, प्रत्येक यंत्र आपापल्या कोष्टकाशी प्रामाणिक असतं, आणि तरीही अक्षर बदलतं.

त्या पाकिटावर ‘मॉस्को’ही आहे. रशियनमध्ये ‘मस्क्वा’, सहा अक्षरं. कोई-८मधला छोटा ‘व’ म्हणजे २१५, आणि लॅटिन-१मध्ये २१५ म्हणजे गुणाकाराचं चिन्ह. शहराच्या नावात गुणाकार कशाला येईल, असा विचार लिहिणाऱ्याच्या मनात आला असेलही. तरी त्याने पेन टेकवून दोन रेघा एकमेकींवर आडव्या काढल्या, आणि पुढचं अक्षर लिहायला घेतलं.